लिथियम अंगवळणी पडेपर्यंत

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पुण्यात एका रुग्णालयात काम करते. बायपोलर, म्हणजे मन कधी फार वर चढतं तर कधी खोल खाली जातं असा आजार, असलेल्या माणसांची झोप कशी बदलते, हा माझा अभ्यासाचा विषय. हेच निदान माझंही आहे. त्यावरचं लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध सुरू झालं तेव्हाचे महिने मी कसे काढले ते लिहिते आहे, कारण विषय पाठ असलेल्या माणसाला हे सोपं जात असेल असं अनेकांना वाटतं. तसं नसतं.

निदानाच्या वेळी डॉक्टरांनी यंग मॅनिया रेटिंग स्केल काढलं. मॅनिया, म्हणजे मन अति वर चढण्याचा टप्पा, किती तीव्र आहे हे मोजणारी, १९७८ साली प्रसिद्ध झालेली ही ११ मुद्द्यांची मोजपट्टी मी पेशंटसाठी कायम वापरते. उत्साह, झोप, चिडचिड, बोलण्याचा वेग असं करत शेवटचा मुद्दा येतो जाणिवेचा : आपल्यात बदल झालाय, हा आजार असू शकतो, हे त्या माणसाला स्वतःला कळतंय का? मी म्हणाले, "झोप थोडी कमी आहे, पण मला कळतंय सगळं." डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "डॉक्टर, ही रात्री तीनला कपाटं आवरत असते. आठवडा झाला. मध्येच बोललं की अंगावर येते." मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखरच झोप 'थोडी' कमी वाटत होती. मन वर चढत असतं तेव्हा मोजणारं मनही त्याच्याबरोबर चढत असतं. म्हणून बाहेरून कुणीतरी बघणारं लागतं, अगदी तज्ज्ञालासुद्धा.

लिथियमचा मॅनियावरचा उपयोग ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ साली मांडला. इतकं जुनं औषध, पण त्याची उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी फार जवळजवळ आहेत. म्हणून गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम, ईसीजी हे सगळं झालं. पुढे लेव्हल, म्हणजे रक्तातलं लिथियमचं प्रमाण. नियमित उपचारात ती साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान राहावी असं बघतात. मात्रा बदलली की पाच-सात दिवस थांबायचं, मग रक्त द्यायचं, तेही शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. म्हणजे रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला लॅब, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर.

एकदा लॅबमधल्या मुलाने हिरव्या झाकणाची नळी हातात घेतली. मी विचारलं, "दादा, यात हेपॅरिन कुठलं आहे?" त्याने लेबल फिरवून वाचलं : लिथियम हेपॅरिन. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांमध्ये तेच असतं, आणि त्यात रक्त घेतलं तर लेव्हल खोटी वाढलेली दिसते. त्याने लगेच लाल झाकणाची नळी घेतली. लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाने हे विचारावं, न लाजता.

हात थरथरायचे, तहान लागायची. हे अपेक्षित होतं. खरी भीती वाचनाची होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन यांचं उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्या प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या आणि काही महिन्यांतच तीव्र मॅनियात गेल्या. १९९० मध्ये फ्रेडरिक गुडविन यांच्यासोबत त्यांनी याच आजारावरचा मोठा पाठ्यग्रंथ लिहिला, आणि १९९५ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना, आपल्यालाही तो आहे हे जाहीरपणे सांगितलं. सुरुवातीच्या वर्षांत जास्त मात्रेमुळे त्यांना धड वाचता येत नव्हतं. मात्रा कमी केल्यावर वाचन परत आलं. त्यांच्याबद्दल मला कृतज्ञता वाटते ती या तपशिलासाठी. धैर्याचं कौतुक सगळे करतात, पण 'डॉक्टर, एक पान तीनदा वाचावं लागतंय' हे तक्रार म्हणून सांगता येतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी सांगितलं. लेव्हल बघून मात्रा थोडी उतरवली. महिन्याभरात शोधनिबंध पुन्हा सलग वाचता येऊ लागले.

घरी आईचा पहिला प्रश्न एकादशीचा होता. शरीरातलं मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि लेव्हल चढते. त्यामुळे निर्जळी बंद. शेंदेलोण घातलेली खिचडी आणि भरपूर पाणी चालतं. आईने ते एका दमात मान्य केलं, "देव काय तपासायला बसलाय?" म्हणाली. जुलाब-उलट्या झाल्या तर डॉक्टरांना लगेच फोन, हा नियम तिने फ्रिजवर लिहून लावला.

कामाचं मात्र अवघड होतं. विभागप्रमुखांना सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घासाघीस केली, स्वतःशीच. शेवटी सांगितलं. ठरलं ते असं : सलग दोन रात्री झोप पाच तासांखाली गेली की मी कळवायचं, आणि तेव्हा पेशंट बघायचे की नाही हे मी ठरवायचं नाही, त्या ठरवतील. हा निर्णय माझ्या हातात नाही याचा मला आधारच वाटतो, कारण माझ्या पेशंटचं हित त्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम १४ नुसार साध्या कागदावर सही करून, उपचारांच्या निर्णयात आपल्याला साथ देणारा प्रतिनिधी नेमता येतो. मी ताईला नेमलंय.

पेशंटना मी माझं निदान सांगत नाही. तो तास त्यांचा असतो. पण लिथियम नव्याने सुरू झालेला कुणी समोर बसला की घरात अंगदुखीवर कुठली गोळी घेता, हे मी विचारतेच. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक, दोन्हींनी लेव्हल वाढू शकते, आणि या गोळ्या आपल्याकडे घरोघरी डब्यात असतात. मग मी ते कागदावर ठळक लिहून देते, आणि सोबत आलेल्या माणसालाही वाचायला लावते.