शाई पुसल्यावर

अमेरिकेतील न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात स्क्रिमशॉने, म्हणजे देवमाशांच्या दातांवरच्या कोरीव कामाने, भरलेली काचेची कपाटे पाहताना मला आठवले ते आईच्या पितळी डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेले नाव. एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या बंदरांतून देवमाशांच्या शिकारीला निघालेली जहाजे तीन-तीन, चार-चार वर्षे परतत नसत, आणि त्या रिकाम्या दिवसांत खलाशी देवमाशाच्या दातावर शिडे शिवायच्या सुईने जहाजे, शिकारीचे प्रसंग आणि नटलेल्या बायका कोरत बसत. नँटकेटच्या ‘सुसान’ जहाजावरील फ्रेडरिक मायरिकने १८२८-२९ मध्ये कोरलेल्या दातांवर स्वतःची सही आणि तारीखही घातली. बाकीचे बहुतेक खलाशी निनावीच राहिले.

आता अमेरिकेत असा दात घ्यायचा तर १९७२चा सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आड येतो, म्हणून माझ्यासारखी नवशिकी टाग्वा या दक्षिण अमेरिकेतील ताडवर्गीय झाडाच्या बीवर हात बसवते. ही बी वाळली की हस्तिदंतासारखी पांढरी आणि टणक होते. चित्रकला न येणारे खलाशी मासिकातले चित्र दातावर चिकटवून त्याच्या रेषांवर सुईने टोचे मारत आणि मग ते ठिपके जोडत, हे कळल्यावर मला फार धीर आला, कारण उदबत्तीने भोके पाडलेल्या कागदावरून रांगोळीचे ठिपके काढण्यापलीकडे माझी कला कधी गेली नव्हती.

कोरताना रेष जवळजवळ दिसतच नाही. पांढऱ्यावर पांढरी ती, दिवा तिरपा धरला तर केसाएवढी सावली पडते, एवढेच. काय कोरले ते काळी शाई चोळून चिंधीने पुसल्यावर कळते. मी शाई पुसली, तेव्हा माझे दोन डोलकाठ्यांचे जहाज दाट धुक्यात सापडलेले निघाले. पॉलिश पेपरचे बारीक चरे मी नीट घालवले नव्हते, आणि शाईने माझ्या रेषा व ते चरे यांत कसलाही पंक्तिप्रपंच केला नव्हता.

दुसरी बी मी गेला आठवडाभर अधिकाधिक बारीक कागदाने नुसती घासते आहे. परवा आईने फोनवर काय कोरलेस म्हणून विचारले, तेव्हा अजून चकाकी येत नाही, अशी तक्रार मी केली.

“चिंच लावून पाहिलीस का?” ती म्हणाली.