मला विचारलं नव्हतं

गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५. रात्रीचे पावणेबारा.

सोमवारी सकाळी प्रिंट दाबलं आणि पडद्यावर एकच शब्द आला, ऑफलाईन. परत दाबलं. परत ऑफलाईन. प्रिंटर समोर होता, दिवा लागलेला, कागद घातलेले. वायरही घट्ट होती. मी त्याच्यावरचं विणलेलं कव्हर काढून घडी घालून बाजूला ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिले. रडू यायचं काही कारण नव्हतं, तरी आलं.

रविवारी कार्तिकी एकादशी. संध्याकाळच्या भजनाला आम्ही चौदा जणी. जुने कागद कोजागिरीपासून पहाटेच्या काकड्याला हाताळून हाताळून मऊ पडलेत, घड्यांवर अक्षरं उडालीत. नवे काढून देते असं मी कधीचं कबूल केलेलं. बावीसच्या साइझमध्ये, ठळक, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. कुसुमताईंना मोतीबिंदू काढल्यावरही त्याहून बारीक दिसत नाही. दुकानातून काढून आणता आले असते, नाही असं नाही. मंदारही फोनवर तेच म्हणाला. "आई, हरभट रोडवर जा ना, दहा मिनिटांचं काम." आणि मग म्हणाला, "नाहीतर नवीनच घेऊन टाक, तो जुना झालाय."

जुना म्हणजे २०१९ चा. सांगलीच्या पुरानंतर कॉम्प्युटरबरोबरच घेतलेला.

मंदार दिवाळीला आला तेव्हा फायबर घेतलं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी जोडणारा माणूस आला, जुना राऊटर काढून नवा पांढरा डबा भिंतीला लावून गेला. भाऊबीजेच्या रात्री सगळे गप्पा मारत बसलेले असताना मंदारनं माझा कॉम्प्युटर विंडोज अकरावर नेला. दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, तुझं मशीन अकराला चालतंय, मग कशाला ठेवायचं, असं तो मला नंतर म्हणाला. आधी नाही. त्यानं सगळ्यांचे फोन जोडले, ह्यांचा टीव्ही जोडला, केतकीचा लॅपटॉप जोडला. जाताना नव्या नेटचं नाव आणि पासवर्ड फ्रिजवर चिकटवून गेला. किती प्रेमानं केलं ते मला कळतं. पण प्रिंटर राहिला. ह्या घरात माझ्याशिवाय कुणाच्याच उपयोगाची नसलेली एक वस्तू आहे, तेवढीच राहिली.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. एवढंच माझं म्हणणं आहे. "आई, राऊटर बदलतोय, तुझं काय काय त्याच्यावर चालतं?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? सोमवार, मंगळवार हेच एक वाक्य डोक्यात फिरत होतं. पोळ्या लाटताना, देवाला फुलं वाहताना. ह्यांच्याशीही मी धड बोलले नाही, आणि ते काय झालं म्हणून विचारत राहिले. त्यांचा काय दोष.

बुधवारी दुपारी चिडूनच प्रिंटरशी बसले. त्याला पडदा नाही, नुसते दिवे. माहितीचं बटण दाबून धरलं की तो स्वतःबद्दलचं एक पान छापून देतो, हे मला आधीपासून माहीत होतं. ते पान निघालं. म्हणजे छापता येत होतं, नुसतं कुणाशी बोलता येत नव्हतं. पानावर नेटवर्कचं नाव होतं कृष्णाकाठ. जुन्या राऊटरचं. खाली लिहिलेलं, जोडलेला नाही.

तो राऊटर माळ्यावरच्या खोक्यात पडलाय आणि हा पंधरा दिवस त्याच्याच नावानं हाका मारतोय. वाय-फायचा दिवा लुकलुकत होता तो त्यासाठी.

शैलाचा ओंकार वालचंदला इंजिनिअरिंगला आहे. आज कॉलेज सुटल्यावर त्याला बोलावलं. येताच तो खुर्चीत बसायला निघाला, तर मी म्हटलं, "तू नुसतं सांग. करते मी." तो बिचारा स्टूल ओढून शेजारी बसला. पोहे केले होते, ते खात खात सांगत होता.

त्याच्याकडून जे कळलं ते लिहून ठेवते, पुन्हा कधी लागेल. नवा राऊटर दोन लहरींवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाली वेगवान, पण भिंतीत अडते. आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड, त्यामुळे मागच्या खोलीत २.४च पोचते. माझा प्रिंटर तर फक्त २.४च ऐकतो, दुसरी त्याच्यासाठी नाहीच. मंदारनं दोन्हींना एकच नाव दिलेलं. त्यात सुरक्षा लावली होती डब्ल्यूपीए-३, आणि प्रिंटर डब्ल्यूपीए-२ पर्यंतच शिकलेला. मी मंगळवारी राऊटरचं डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडून देणारं, बटण दाबून, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं दाबायचं म्हणून आतल्या खोलीत पळत पळत जाऊन दोनदा करून पाहिलं होतं. ओंकार म्हणाला, "काकू, डब्ल्यूपीए-३ वर डब्ल्यूपीएस चालतच नाही. तुम्ही कितीही पळाला असतात तरी झालं नसतं." हे ऐकून इतकं हलकं वाटलं! दोन दिवस मला वाटत होतं माझंच बोट कुठेतरी चुकतंय.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी गप्पच झाले. "नव्या राऊटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. अक्षरं तीच, लहान-मोठी लिपीसुद्धा तशीच. २.४ ला डब्ल्यूपीए-२ करा. प्रिंटरला काहीच सांगावं लागणार नाही. त्याला वाटेल आपलाच आलाय. येईल आपोआप."

पासवर्ड मला पाठ होता. तो मीच ठेवलेला.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, राऊटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा आकडा टाकला, आत गेले. नावाची चौकट समोर आली. कृष्णाकाठ लिहिलं. आता सेव्ह दाबायचं. ओंकार म्हणाला, "दाबलं की राऊटर परत चालू होईल, दोनेक मिनिटं सगळ्यांचं नेट जाईल. मागच्या खोलीतले फोन बहुतेक नव्या नावावरून पडतील."

आणि बाहेरच्या खोलीत ह्यांची मॅच चालू होती. बायकांच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाशी. त्यांच्या ३३८ झालेल्या. आपली स्मृती २४ वर गेली तेव्हा हे हातातला चहा तसाच ठेवून उठून उभे राहिले होते. माधवनगरची पोर, तिला ह्यांनी लहानपणी खेळताना पाहिलंय असं ते सांगतात. टीव्ही त्याच नेटवर.

माझं बोट माउसवर होतं. दोन मिनिटांचाच प्रश्न. दाबून टाकावं, गेलं नेट तर गेलं, मला तरी कुणी विचारलं होतं, असं अगदी मनात आलं. खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात आईंची, म्हणजे सासूबाईंची, आठवण झाली. का ते मला तेव्हा कळलं नाही, आता लिहिताना कळतंय.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोका म्हणतात. त्या वर्षी ती ५७ फुटांवर गेली. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ आणि खाली घोट्याएवढा गाळ. आमचा सगळा गावभाग सामान रस्त्यावर आणून टाकत होता. गाद्या, धान्य, पुस्तकं, फ्रिज. वास असा की डोकं फिरायचं. मी कंबर बांधून सकाळपासून उपसत होते. आईंची पत्र्याची ट्रंक उघडली, आत सगळा चिखल. त्यात त्यांच्या हातच्या तीन वह्या होत्या, गौळणी, ओव्या, काय काय उतरवून घेतलेलं. निळी शाई पसरून पानं एकमेकांना चिकटलेली. मी त्या उचलल्या आणि ढिगावर टाकल्या. एका मिनिटाचंही काम नव्हतं ते. आई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "वाळली असती गं."

तेवढंच. नंतर कधी विषय काढला नाही. मीही नाही.

त्यांना विचारावं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्यात काय विचारायचं, चिखलच होता, रोग पसरला असता. ट्रॅक्टर येऊन ढीग उचलून घेऊन गेला. त्याच दिवाळीत मी मराठी टायपिंग शिकायला घेतलं. आईंना जेवढं तोंडपाठ होतं तेवढं त्या सांगायच्या, मी एका बोटानं टाइप करायची. सगळं नाही मिळालं. एका गौळणीचं शेवटचं कडवं तर...

असो.

मी सेव्ह दाबलं नाही. ओंकारला म्हटलं, तू जा, उशीर होईल तुला, पुढचं मी रात्री करते. बाहेर जाऊन ह्यांना विचारलं, "पाच मिनिटं नेट बंद करावं लागेल, करू का?"

"आत्ता? अगं जेमिमा काय खेळतेय बघ! संपू दे ना."

मग मीही बसले बघायला. बऱ्याच दिवसांनी शेजारी बसले. ती पोरगी शेवटपर्यंत उभी राहिली, नाबाद १२७, नऊ चेंडू राखून जिंकलो. जिंकल्यावर ती रडायला लागली तसे हेही डोळे पुसायला लागले. गल्लीत कुणीतरी दिवाळीतली उरलेली माळ लावली.

आवाज थांबल्यावर मी परत विचारलं. "नेटचं नाव बदलू का? जुनंच ठेवते, कृष्णाकाठ. तुमच्या फोनला कदाचित परत पासवर्ड द्यावा लागेल."

हे म्हणाले, "बदल की. त्यात विचारायचं काय?"

हुबेहूब मंदारचा सूर. सोमवारी फोनवर मी त्याला म्हटलं होतं, मला विचारायचं तरी, तर तोही म्हणाला होता, "त्यात काय विचारायचं आई, चांगलंच तर केलंय." तेव्हा मला ते इतकं लागलं होतं की मी फोन ठेवून दिला. आज ह्यांच्या तोंडून तेच ऐकलं आणि राग आलाच नाही. ज्याचं काही अडत नाही त्याला ते दिसतच नाही. मलाही त्या दिवशी चिखलच दिसला होता.

मंदारला वाईट वाटायला नको होतं. उद्या फोन करीन.

सेव्ह दाबलं. राऊटरचे दिवे गेले, परत आले. आतल्या खोलीत जाऊन प्रिंटरसमोर उभी राहिले. दिवा लुकलुकत होता, लुकलुकत होता, आणि मग स्थिर झाला. मी काहीही केलं नव्हतं. नाव ऐकून आला तो.

कॉम्प्युटर मात्र अजून ऑफलाईनच म्हणत होता. हे ओंकारनं आधीच सांगून ठेवलेलं. जुना राऊटर घरातल्या वस्तूंना १९२.१६८.०ने सुरू होणारे पत्ते द्यायचा, नवा १९२.१६८.१ने देतो. कॉम्प्युटर अजून जुन्या पत्त्यावरच कागद पाठवत होता. पुराच्या वेळी आम्ही विश्रामबागेत असताना पोस्टमन गावभागातल्या बंद दारापर्यंत येऊन परत जायचा, तसं. रांगेत सोमवारपासूनची अकरा कामं तुंबलेली, ती सगळी रद्द केली. सेटिंगमधून जुना प्रिंटर काढून टाकला. अकरा नंबरच्या विंडोजनं ह्या नेटला सार्वजनिक समजून दार लावून घेतलेलं, त्याला हे घरचंच आहे असं सांगितलं, म्हणजे पब्लिकचं प्रायव्हेट केलं. मग प्रिंटर नव्यानं जोडला. सापडला. शेवटी राऊटरमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला, म्हणजे लाइट जाऊन आली तरी तो बदलणार नाही.

पहिलं पान निघालं तेव्हा हे दारात येऊन उभे होते. "झालं?" म्हणाले. झालं म्हटलं.

चौदा प्रती काढल्या. ठळक अक्षरांना शाई जास्त लागते, एकावर एक ठेवल्या की डाग पडतात. म्हणून सगळे कागद दिवाणावर, टेबलावर, आईंच्या कॉटवर एकेक करून मांडलेत. पंखा एक नंबरवर ठेवलाय, उडू नयेत इतपत. वाळायला थोडा वेळ लागेल. बसून राहते तोवर.