ऑक्सिमीटरचा सूर उतरला तेव्हा

पारोळ्याकडचा कपाशीवाला शेतकरी. वय ४६, वजन जेमतेम ५२ किलो. उजव्या छातीत पू साचून फुफ्फुसावर जाड साल चढलेली. धुळ्यात दुर्बिणीने ती सोलून काढायची होती, भूल माझ्याकडे. टेबलावर त्यांनी माझा हात धरला. "ताई, मी उठसू ना?"

"उठाल," म्हटलं.

अशा शस्त्रक्रियेत उजवं फुफ्फुस मिटवावंच लागतं. फुगलेलं राहिलं तर सर्जनला छोट्या छिद्रांतून काही दिसत नाही. म्हणून ३७ नंबरची डबल ल्युमेन ट्यूब, म्हणजे दोन्ही फुफ्फुसांना वेगवेगळा श्वास देता येणारी दुहेरी नळी. टोक डाव्या बाजूला, तिथे ते निळ्या फुग्याने घट्ट बसवलेलं. एकट्या डाव्या फुफ्फुसाला दर श्वासाला २६० मिली. जास्त दिलं तर तेच दुखावतं. ट्यूबची जागा ब्रॉन्कोस्कोपने, म्हणजे श्वासनलिकेत घालायच्या बारीक दुर्बिणीने पाहिली, कुशीवर वळवल्यावर पुन्हा पाहिली.

चाळीसेक मिनिटांनी ऑक्सिमीटरचा सूर उतरू लागला. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की त्याची टिकटिक खालच्या सुरात जाते. आकड्याआधी ते कानाला कळतं. ९७, ९३, ८८. तेवढ्यात सर्जन म्हणाले, "मॅडम, लंग फुगतंय." हे दोन्ही एकदम झालं की ट्यूब वर सरकली, असंच मी धरते.

"सर, हात थांबवा."

देत असलेला ऑक्सिजन आधीच शंभर टक्के होता. स्कोप घातला. निळा फुगा श्वासनलिका दुभागते तिथेच येऊन बसलेला, आणि त्याच्या कडेने पिवळा पू खालच्या, चांगल्या फुफ्फुसाकडे निघालेला. मला धास्ती होती ती याचीच. आधी पू ओढून घेतला, फुगा सोडला, स्कोप डावीकडे नेऊन त्यावरून ट्यूब दोन सेंटिमीटर आत सरकवली, फुगा भरला. ८१. डावीकडे पुन्हा सक्शन. मग दोन्ही फुफ्फुसं बॅगने हळूहळू फुगवली. सूर चढेपर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी बोललं नाही.

९६ वर उजवं पुन्हा मिटवलं, डाव्याला ५ चा पीप ठेवला, म्हणजे श्वास सोडल्यावरही ते मिटू नये इतका थोडा दाब. पुढे ९२ च्या आसपास राहिलं. एका फुफ्फुसावर तेवढं चालतं. साल पूर्ण निघाली.

चूक माझी होती. ट्यूबची चिकटपट्टी दाढीच्या खुंटांवर लावली होती, ती ओली होऊन सुटली. आता आधी दाढी करून घेते, शिवाय ट्यूब फितीने बांधते.

दुसऱ्या दिवशी ते आयसीयूत स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढून चेंडू वर उचलायचं व्यायामाचं यंत्र, तोंडाला लावून बसले होते. मला पाहून नळी काढली. "ताई, मी उठनू!" आणि पुन्हा ओढायला लागले. पहिला चेंडू वर गेला, दुसरा अजून नुसता हलत होता.