खोटे ओळखल्यानंतर

शनिवार, रात्र

परळला आज मराठी माध्यमाच्या शिक्षकांचे प्रशिक्षण झाले. माध्यम साक्षरता सकाळी आणि शांतता शिक्षण दुपारी, अशी विभागणी आमच्या वरिष्ठांना आवडते, कारण कागदावर ती नीटनेटकी दिसते. मला ती कधीच पटलेली नाही.

सकाळी मी प्रत्येकाच्या मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. 'आज मुंबई तुंबली' अशा मजकुरासह ते फिरत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळची दृश्ये दर पावसाळ्यात ताजी म्हणून पुन्हा फिरू लागतात, आणि ती पुढे ढकलणाऱ्यांत तो दिवस स्वतः भोगलेले मुंबईकरही असतात. छायाचित्राचा मूळ स्रोत शोधण्याची पद्धत मी सांगू लागणार, तोच भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि म्हणाल्या, "सर, पाण्यात अडकलेल्या या सगळ्या टॅक्सी पद्मिनी आहेत." जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्येच मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या हटल्या, त्यामुळे 'आज'चा दावा तिथेच निकालात निघाला. पुढचा अर्धा तास दुकानांच्या पाट्या आणि बसचे रंग तपासण्यात गेला. आपल्या शहराची एवढी बारीक ओळख मोबाइलमधल्या कोणत्याही साधनापेक्षा आधी उपयोगी पडते, याचा शिक्षकांना झालेला आनंद लपत नव्हता.

दुपारी २०१८ मधली ती चित्रफीत दाखवली. मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात, एवढेच त्या वर्षी देशभर पसरले होते. मूळ फीत कराचीतील, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करणारी होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक धरतात. तो शेवटच कोणीतरी कापला होता. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या उन्हाळ्यात अनेक राज्यांत पसरली, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

एका सरांनी विचारले, "फीत खोटी आहे हे तिथे कोणी वेळेवर सांगितले असते, तर ते पाच जण वाचले असते का?" मला खात्रीने हो म्हणता येईना. फीत खोटी ठरली असती, पण भिक्षा मागत फिरणाऱ्या परक्या माणसाविषयीचा संशय त्या फितीने निर्माण केलेला नव्हता. तो आधीपासून तयार होता आणि फितीने त्याला फक्त निमित्त पुरवले. मग मी प्रत्येकाला आपापल्या वस्तीत संशय सर्वांत आधी कोणावर जातो ते लिहायला सांगितले. भंगारवाले, नवे भाडेकरू, वेगळी भाषा बोलणारे मजूर, अशीच नावे बहुतेक कागदांवर उतरली. शांततेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये नुसता हिंसेचा अभाव आणि खरी शांतता यांत जो फरक केला, तो समजावण्यासाठी मला यापेक्षा वेगळे उदाहरण शोधावे लागले नाही.

पोर्शन कधी संपवायचा, ही तक्रार अर्थातच आली. "परिपाठात पाच मिनिटे घेऊ" असा तोडगाही आला, आणि त्या पाच मिनिटांत विषय कसा विरून जातो हे आम्ही सगळेच जाणतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये शांततेचे शिक्षण सर्व विषयांतून आणि शाळेच्या एकूण वातावरणातून द्यावे अशी भूमिका आहे; भूगोलाच्या बाईंनी सकाळी टॅक्सी ओळखून माध्यम साक्षरतेबाबत नेमके तेच केले होते.

सर्वाधिक वेळ मात्र एका वेगळ्याच अडचणीने घेतला. पालकांच्या गटावर एका विद्यार्थ्याचे आजोबा रोज असले संदेश टाकतात. त्यांना चारचौघांत खोटे कसे ठरवायचे? खासगीत सांगितले तर गटातील इतरांचा गैरसमज कायम राहतो, आणि गटावर सांगितले तर आजोबा दुखावतात. बरीच खोडाखोड करून एक उत्तर तयार झाले: "काका, मुलांच्या काळजीपोटी तुम्ही हे पाठवलेत, पण ही फीत अर्धवट आहे. पूर्ण फीत सोबत देत आहे, तीही सर्वांनी पाहावी." 'पण'ऐवजी 'मात्र' लिहावे की नाही यावरही वाद झाला, इतकी मंडळी त्यात गुंतली होती.

पुढचे प्रशिक्षण या मसुद्यापासूनच सुरू करायचे आहे. वेळापत्रकात दोन्ही सत्रे एकत्र करण्याची टिपणी सोमवारी सहीसाठी पाठवतो आहे.