बूट दोन महिने दाराशीच होते

डायबिटीस निघाला की जो तो एकच सांगतो, चालायला जा. बरोबरच आहे ते, पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठायचंच जिवावर येतं त्याने काय करायचं? माझे बूट दोन महिने दाराशी तसेच पडून होते, लेस बांधलेली, वर धुळीचा थर. ग्लुकोमीटरची डबी उघडायची पण भीती वाटायची, आकडा जास्त आला की दिवसभर स्वतःवरच चिडचिड. घरच्यांना वाटायचं आळस आहे, आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं.

आळस नव्हता तो. डायबिटीस असणाऱ्यांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट दिसतं, हे मला खूप उशिरा कळलं. मन खचलं की हालचाल थांबते, हालचाल थांबली की शुगर चढते, शुगर चढली की अंगात त्राण राहत नाही आणि मन अजूनच खचतं, मग यातून बाहेर कुठून पडायचं तेच समजत नाही.

मला बाहेर काढलं ते बहिणीने. ती "चाल" म्हणाली नाही, "चल" म्हणाली, आणि स्वतःचे बूट घालून दारात उभी राहिली. जेवणानंतर दहा मिनिटं, बस. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन नीट काम करत नसलं तरी, त्यामुळे दहा मिनिटंही वाया जात नाहीत. मनाचंही तसंच. 2022 साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, सगळ्याच प्रौढांचा, फक्त डायबिटीसवाल्यांचा नाही. आठवड्याला अडीच तास झपझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये, काहीच न करणाऱ्यांपेक्षा डिप्रेशनचा धोका 25 टक्के कमी होता, आणि त्याच्या निम्मीच करणाऱ्यांमध्येही 18 टक्के कमी. ते निम्मं वाचून मला केवढा धीर आला!

फक्त इन्सुलिन किंवा शुगर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवा, आणि घरी आल्यावर तळपाय बघा, बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. आणि दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल तर नुसत्या चालण्यावर राहू नका, डॉक्टरांना शुगरच्या आकड्यांसोबत हेही सांगा. मी सांगितलं, औषध पण घेतलं.

अजूनही एखाद्या संध्याकाळी नको वाटतं. मग बहिणीला फोन करते, आणि ती बोलत असते तोवर माझी लेस बांधून झालेली असते.