टेलपासून उलटं वर: ओझर, वाघाड आणि बागलाणातले फड

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या सोसायटीत फ्लॅट 36 आणि पाण्याची टाकी एक. गेल्या उन्हाळ्यात टँकरचे पैसे फ्लॅटवार घ्यायचे की माणसांवार, यावर सव्वादोन तास सभा चालली. मंजूर झाला तो फक्त सेक्रेटरींचा राजीनामा. घरी आल्यावर सासरे म्हणाले, "आमच्याकडे अख्ख्या गावाच्या फडांचं, म्हणजे पाटाखालच्या शेतांच्या गटांचं, पाणी एकटा पाटकरी वाटायचा. त्याला सहीसुद्धा येत नव्हती." बाबा, म्हणजे सासरे, मूळचे बागलाणातले (सटाण्याकडचे), नोकरीपायी नाशकात आलेले. त्या रात्रीच ठरलं, शेतकरी पाणी कसं वाटून घेतात ते एकदा जाऊन बघायचंच, आधी जवळच्या ओझरला आणि मग बागलाणात.

पहिली फेरी फुकट गेली, ते आधी सांगते. डिसेंबरातल्या एका रविवारी थेट ओझरला गेलो तर चारीत, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटात, पाणी नाही, तळाशी नुसता वाळलेला गाळ आणि गुटख्याच्या पुड्या. कालव्याला पाणी बारा महिने नसतं, ते आवर्तनानं येतं. सोडलं की काही दिवस चालतं, मग बंद. आम्हा नळवाल्यांच्या डोक्यात हे येतच नाही. जाण्याआधी त्या भागातल्या कुणा शेतकऱ्याला नाहीतर खताच्या दुकानात विचारा, "आवर्तन चालू आहे का?" रब्बीची आवर्तनं थंडीत असतात, पण तारखा दरवर्षी वेगळ्या. दुसऱ्यांदा आम्ही विचारून गेलो, जानेवारीच्या अखेरीस.

ओझर नाशिकपासून वीसेक किलोमीटर, आग्रा रोडवर. बहुतेकांना ते विमानांच्या कारखान्यामुळे किंवा चंपाषष्ठीच्या खंडेरावाच्या यात्रेमुळे माहीत. पाण्याच्या हिशेबात मात्र ओझर म्हणजे टेल, वाघाड धरणाच्या कालव्याचं शेपूट. धरण तिकडे दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर, आणि वाटेत सगळ्यांचे पाइप. 1980 च्या दशकात इथे पाणी पोचतच नव्हतं. तेव्हा बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि 1990-91 च्या सुमारास तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. मागणी साधी होती. आमच्या वाट्याचं पाणी आम्हाला मोजून द्या. आत कुणाला किती द्यायचं आणि पाणीपट्टी कशी गोळा करायची, ते आमचं आम्ही बघतो.

मोजून, या शब्दात सगळं आलं. पूर्वी पाणीपट्टी पिकावर आणि एकरावर असायची. उसाला इतकी, गव्हाला इतकी. मग पाणी कितीही घ्या, पट्टी तेवढीच, तर दार लवकर बंद कोण करील? संस्थेला पाणी घनमापानं मिळायला लागल्यावर वाया गेलेला प्रत्येक तास आपल्याच खात्यातून जातो. चारीच्या तोंडाशी एक अरुंद केलेली पक्की घळ असते आणि कडेला आकड्यांची पट्टी. पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, तक्त्यात प्रवाह बघायचा आणि वहीत वेळ टाकायची. आम्ही उभे होतो तेव्हा दोन शेतकरी ती पट्टी वाचत होते. एकाच्या मते आकडा एका बोटानं कमी होता. पाचेक मिनिटं जोरात वाद झाला, मग दोघांनीही वाकून परत वाचलं आणि वाद मिटला. आमच्या सभेत वाचायला पट्टीच नव्हती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

संस्थेच्या एका जुन्या सभासदांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला सगळ्यात आवडली. आवर्तनाचं सगळं पाणी थेट पिकाला जात नाही. काही ओढ्या-नाल्यांवरच्या छोट्या बंधाऱ्यांत सोडतात, ते जिरतं आणि आसपासच्या विहिरींना उतरतं. मग विहिरीवाला ठिबकनं द्राक्षाला देतो, आणि तरीही संस्थेला पैसे भरतो. "विहीर माझी, पाणीही माझंच" असं इथे चालत नाही, निदान त्या पट्ट्यात तरी.

तिथून मोहाडी, दिंडोरी करत वाघाडला. दिंडोरी नाशिकहून पंचवीसेक किलोमीटर. पुढे रस्ता अरुंद आहे आणि द्राक्षाच्या हंगामात क्रेटनं भरलेल्या पिकअप समोरून सुसाट येतात. धरणात बघण्यासारखं म्हणाल तर मातीची भिंत आणि वारा. क्षमता 2302 दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट. हा आकडा पेपरात रोज वाचून मला काही कळायचं नाही, म्हणून भिंतीवर बसून मोबाइलवर हिशेब केला. एक दलघफू म्हणजे साधारण 2 कोटी 83 लाख लिटर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात, त्या हिशेबानं चार माणसांच्या 140 घरांचं वर्ष त्यात निघतं. खेड्यातल्या नळयोजनेला मात्र माणशी 55 लिटर धरतात. बाबांनी हे दोन आकडे दोनदा विचारले आणि मग काही बोलले नाहीत.

पुढे या प्रकल्पावरच्या सगळ्या 24 संस्था एकत्र आल्या आणि अख्ख्या वाघाडचं वाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. राज्यात सिंचन व्यवस्थापनाचा शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला तो 2005 साली, म्हणजे ओझरनं करून दाखवल्यावर. इथला नियम टेलपासून वर येण्याचा: शेवटच्याचं भिजल्याशिवाय वरच्यानं दार उघडायचं नाही. वरचा असा मुकाट थांबतो ही सोपी गोष्ट नाही. आपल्याकडे जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की काय होतं ते आठवा. 15 ऑक्टोबरला तिथला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, असं सूत्र 2014 साली ठरलं, आणि कमी पावसाच्या वर्षी आपण नाशिककर रस्त्यावर उतरतो. जायकवाडीच्या बाजूनं पाहिलं तर आपण सगळे हेडवालेच, म्हणजे पाण्याच्या तोंडाशी बसलेले.

सगळं गोड आहे असंही नाही. द्राक्षाच्या पट्ट्यात प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी दिसतील. त्यातली बरीचशी पावसानं नाही, बोअर उपसून भरतात. ठिबकनं वाचलेलं पाणी जमिनीत राहत नाही, शेजारच्या नव्या बागेत जातं. पाटाचं पाणी मोजणाऱ्याला बोअरचं पाणी मोजता आलेलं नाही.

दुसरा दिवस बागलाणचा. सटाणा नव्वदेक किलोमीटर. जाताना वणी-कळवणवरून, येताना देवळा-चांदवडवरून आलात तर दोन्ही बाजू बघून होतात. एसटीनं जाणाऱ्यांनी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर आदल्या दिवशी चौकशी करावी, कुठली गाडी कुठल्या स्टँडवरून सुटते हे बदलत असतं. गाव मोसमच्या काठचं आहे, नाव मुद्दाम देत नाही. पाटकरी आजोबांना रोज पाहुणे नकोत.

मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर दगड-चुन्याचे बुटके बंधारे काही शतकं उभे आहेत. बंधाऱ्यापासून पाट निघतो आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एकात ऊस तर दुसऱ्यात गहू, आणि दरवर्षी फेरपालट. पाणी देणारा पाटकरी, त्याच्यावर हवालदार, उभ्या पिकाची राखण करणारा जागल्या. खरी युक्ती जमिनीच्या मांडणीत आहे. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी असलं की एक फड कोरडा ठेवायचा. त्यात पाटलाचाही तुकडा जातो आणि सालदाराच्या भावाचाही. एकाचंच घर बुडालं असं होत नाही.

आता हे बऱ्याच ठिकाणी मोडलंय. वर हरणबारी, केळझर, चणकापूर ही धरणं झाली, त्यामुळे नदी वाहते ती धरणातून पाणी सोडलं तरच. वाटण्या झाल्या, तुकडे विकले गेले. डाळिंब आलं, आणि डाळिंबाची बाग दरवर्षी फड बदलत नाही. तरी या गावात दोन फड अजून चालतात.

"कोठून उनात?" आजोबांनी विचारलं. बाबांनी अहिराणीत उत्तर दिलं आणि पुढचा अर्धा तास मी नुसती ऐकत होते. मध्येच मी विचारलं, भांडणं होत नाहीत का? आजोबा हसले. होतात की. पण पाट उघडा आहे, ज्याला शंका येईल त्यानं काठावर येऊन बसावं. एका उन्हाळ्यात एक जण तीन रात्री गोधडी घेऊन बसला होता म्हणे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. कालव्याच्या काठची वाट ट्रॅक्टरची असते, गाडी तिथे लावू नका. कालव्यात पाय सोडून बसू नका. अस्तर शेवाळलेलं असतं आणि घसरलेला माणूस आपला आपण वर येत नाही. वेलीवरचं द्राक्ष तोडून खाऊ नका. ते दुसऱ्याचं आहेच, शिवाय औषध कधी मारलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. ओझरला ड्रोन उडवायचा विचारही करू नका, वायुदलाचा परिसर आहे. जेवण सटाण्यात उरका. मिसळीचा हट्ट धरू नका. भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत मिळालं तर तेच मागवा. परतताना लोहोणेरजवळ गिरणा ओलांडली की पलीकडे ठेंगोड्याचा सिद्धिविनायक लागतो असं आम्ही उलटं समजून बसलो होतो. सटाण्याहून येताना देऊळ आधी लागतं, पूल नंतर.

आणि फडावर दुपारी चारच्या आत पोचा. आम्ही चहाचं विचारलं तेव्हा आजोबांनी घड्याळ नाही, सावली बघितली. बारी, म्हणजे पाण्याची पाळी, बदलायची वेळ झाली होती. पाटाच्या तोंडाशी वाकून त्यांनी फावड्यानं मातीची चार ढेकळं काढली, पलीकडच्या सरीत तीच ढेकळं दाबली, आणि पुढच्या शेतातल्या बाईला हाक मारली, "उनं वं माय, पानी उनं!"