बंड्या उकरत होता

फेब्रुवारीतल्या एका केसचा कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात वरच आहे. फायलीला लावायचा म्हणून बाहेर काढते, वाचते आणि परत आत ठेवते. पहिल्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'खात नाही, १८ दिवस.' जे लिहायला हवं होतं ते त्या ओळीत नाही.

मी दापोलीत जनावरांची डॉक्टर आहे. अडलेल्या गाई, शेळ्यांची हगवण, कुत्र्यांचा गोचीडताप यात वर्ष सरतं. पाळीव सरडा वर्षाकाठी एखादा येतो. कॉलेजात गाय, म्हैस, कोंबडी भरपूर शिकवली, सरपटणाऱ्यांच्या वाट्याला मोजकी पानं आली. उरलेलं मी रात्री जागून वाचलं, कारण समोर आणलेल्या जिवाला 'आम्हाला हे शिकवलं नाही' असं सांगता येत नाही.

केस सोमवारी दुपारी आली, पण फोन आधीच्या मंगळवारी आला होता. मी तेव्हा एका वाडीवर गोठ्यात होते. वासराचा पाय मागे दुमडलेला, माझा हात खांद्यापर्यंत आत, आणि फोन गोठ्याच्या मालकाने माझ्या कानाला धरलेला. पलीकडून एक बाई बोलत होत्या, "मॅडम, आमचा बंड्या काय खात नाही. आणि दिवसभर पडवीच्या टाईल्स उकरत फिरतो." शी केली का, पाणी पितो का, एवढं मी विचारलं. दोन दिवस बघा, नाही खाल्लं तर घेऊन या, म्हटलं. वासरू जिवंत निघालं. 'उकरत' हा शब्द मात्र माझ्या कानावरून निघून गेला.

सोमवारी बंड्या आंब्याच्या प्लास्टिक क्रेटमध्ये आला. खाली गोणपाट, लांब शेपूट कडेने वळवून घेतलेली. सोबत बंड्याला पाळणारा मुलगा, त्या मुलाची आई आणि आजी. बंड्या म्हणजे हिरवी इग्वाना, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. मुलाने मुंबईत नोकरीला असताना पिल्लू घेतलं आणि घरी परतताना सोबत आणलं. एवढे दिवस का थांबलात, असं विचारल्यावर आई रडायलाच लागली. 'यांच्याकडे घोरपड आहे' अशी कुणीतरी वनखात्याकडे तक्रार केली होती. घोरपड म्हणजे वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची, तिला घरात ठेवणं गुन्हाच. इग्वाना वेगळी. तिची नोंद परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते, २०२४ च्या फेब्रुवारीत तसे नियम आले, आणि या मुलाने ती केलेली होती. वनरक्षक कागद बघून शांतपणे परत गेले. पण शेजाऱ्यांच्या नजरांना घाबरून घरच्यांनी तिला पुढचे कितीतरी दिवस अंगणात काढलंच नाही. तक्रार करणाऱ्याने आधी दारात येऊन विचारलं असतं तर तिला ऊनही मिळालं असतं आणि मातीही.

वजन २ किलो १४० ग्राम. पाठीची, कमरेची हाडं हाताला लागत होती, शेपटीचं बूड वाळलेलं, पोट मात्र दोन्ही बाजूंनी पखालीसारखं फुगलेलं. मागच्या मांड्यांच्या आतली छिद्रं बारीक होती, नराची चांगली ठळक असतात. बंड्या मादी होती. बोटांची टोकं पोटाखाली नेऊन हलकेच वर उचलली, तर पातळ पिशवीत जांभळं भरावीत तसे गोळे एकमेकांवरून सरकले. मागच्या पायाची बोटं मधूनच थरथरत होती, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं. मग मी पुढचे पंजे उलटे करून पाहिले. दोन नखं मुळाशी तुटली होती, भोवती वाळलेलं रक्त, आणि एका नखाच्या सांध्यात टाईल्समधल्या सिमेंटची पांढरी भुकटी.

त्या भुकटीपाशी मला मंगळवारचा फोन आठवला.

"नर नसताना अंडी कशी?" मुलाला पटेना. आजीने त्याला गप्प केलं, "कोंबडी नाय घालीत? कोंबडा असो नसो." याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं. वयात आलेली मादी इग्वाना वर्षातून एकदा अंड्यावर येते, नर असो नसो. एका खेपेला वीस-तीस अंडी सहज, मोठी मादी असेल तर त्याच्या दुप्पटही. पोटात जागाच उरत नाही म्हणून शेवटचे तीन-चार आठवडे ती खाणं सोडते. तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं. तोवर ती तरतरीत असते, फिरते, उकरते, जागा शोधते. ती उकरायची थांबली आणि डोळे मिटून पडून राहिली की घाबरायचं. बंड्या शनिवारपासून पडून होती.

मधल्या काळात कुणा डॉक्टरने फोनवरच बद्धकोष्ठ ठरवून लिक्विड पॅराफिन पाजायला सांगितलं होतं. न बघता औषध सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्याच आठवड्यात न बघता 'दोन दिवस बघा' मीही सांगितलं होतं, त्यामुळे तो राग मला पुरता करताही येईना.

घरची व्यवस्था विचारली. दिवा आहे म्हणाले. दुकानदाराने पिल्लासोबत दिलेली यूव्हीबी, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं देणारी नळी, तीन वर्षांपूर्वीची, तीही काचेच्या झाकणावर ठेवलेली. नळी दिसायला पेटत राहते, पण त्यातली कामाची किरणं सहा महिने ते वर्षभरात सरतात, आणि काचेतून तर ती जवळजवळ येतच नाहीत. त्या किरणांशिवाय अंगात ड जीवनसत्त्व बनत नाही, आणि ड नाही तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. खायला पालक आणि कोबी. पालकातलं ऑक्झॅलेट असलेलं कॅल्शियमही बांधून टाकतं. यांच्या परसात शेवगा आणि जास्वंद आहे, दोन्ही इग्वानासाठी उत्तम! पिल्लू विकताना एवढं सांगायला दुकानदाराला पाच मिनिटं लागली असती. न सांगता विकणाऱ्याला मी व्यापारीसुद्धा म्हणणार नाही.

एक्स-रे माणसांच्या सेंटरवर काढावा लागतो, तोही पेशंट संपल्यावर. आमच्याकडे मशीन नाही. तिथल्या तंत्रज्ञाला वाटलं, ही हलणार. मी दोन्ही मिटल्या डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवले आणि वरून मऊ पट्टी गुंडाळली. डोळ्यांवर असा हलका दाब आला की यांच्या हृदयाचे ठोके उतरतात आणि अंग सैल पडतं. भूल लागत नाही. बंड्या प्लेटवर अशी पसरली की तो तंत्रज्ञ दोनदा विचारून गेला, जिवंत आहे ना? प्रत्येक वेळी मी त्याला तिच्या बरगड्यांची उघडझाप दाखवली.

फिल्मवर काय दिसतं यावर सगळं अवलंबून होतं. द्राक्षांच्या घडासारखे गोल गोळे दिसले तर ती अंडाशयातच अडकलेली बीजं, मग ऑपरेशनच. लांबट आकार आणि कडेने कवचाची पुसट रेघ दिसली तर अंडी गर्भनळीत उतरली आहेत. बंड्याची लांबट होती. मी पेन्सिलने एकेक खूण करत मोजली, ३३. एकही वेडंवाकडं नाही, एकही कमरेच्या कड्यापेक्षा मोठं नाही. हाडांच्या भिंती पातळ होत्या, पण कमरेचं हाड वाकलेलं नव्हतं. वाट मोकळी होती, आणि तरी ती घालत नव्हती.

मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "ऑक्सिटोसिन टोच आणि मोकळी हो." हे कळा आणणारं औषध, गाईंसाठी त्याची बाटली कपाटात असतेच. पण सरड्यांत ते कासवांइतकं हमखास लागू पडत नाही, आणि अंग गार असताना, पाणी कमी असताना, कॅल्शियम उतरलेलं असताना गर्भनळीला चाबूक मारला तर नळी फाटू शकते. फेब्रुवारीत दापोलीची पहाट अजून बोचरी असते, त्यात तिकडे रात्री वीज जाते. ती गार होती. मी आधी कोमट सलाईन आणि कॅल्शियम दिलं, ऊब दिली. ठरवलं, सकाळपर्यंत वाट बघायची, नाहीतर मुंबई. पाच-सहा तासांचा रस्ता आणि टेबलावर पोट उघडणं.

अंड्यांसाठी पेटी करा, असं मी दुपारीच मुलाला सांगितलं होतं. त्याने पाण्याचं निळं पिंप आडवं टाकून तोंडाला अर्ध्यापर्यंत फळी ठोकली आणि आत फूटभर रेती भरली. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ऊब लागून बंड्या थोडी हलली होती. ती आत शिरली, चार वेळा पंजा मारला, बाहेर आली आणि भिंतीला तोंड लावून पडली. मला वाटलं, संपलं, आता मुंबईच.

माझ्यासोबत आमचे मामा होते. दवाखान्यात ड्रेसिंगला मदत करतात, आणि केळशीच्या किनाऱ्यावर कितीतरी हंगाम त्यांनी कासवांच्या अंड्यांची राखण केली आहे. त्यांनी पिंपात हात घातला, मूठभर रेती उचलली आणि बोटांतून सोडली. "बाय, ही रेती उभी राहायची नाय."

मग ते एका दमात बोलत सुटले, एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. कासवीण भरतीच्या रेघेच्या वर येते, वरची सुकी वाळू बाजूला सारते आणि ओल लागली की मागच्या पायांनी हात-दीड हात खड्डा काढते, तळाला पोटाळ, मडक्यासारखा. सुकी वाळू ढासळत राहिली, मूळ लागलं, कुणी बॅटरी मारली, तर अंडी पोटात घेऊन परत समुद्रात जाते. तिच्या येण्या-जाण्याच्या खुणा सकाळी वाळूत दिसतात आणि मध्ये घरटं नसतं. "तिला कोन आजारी म्हनत नाय, बाय. तिला जागा गावली नाय."

त्यांनी पिंप रिकामं केलं. परसातल्या आंब्याखालची तांबडी माती, शेणखत न पडलेली, आणि तीच रेती अर्धी-अर्धी घेतली. पाणी शिंपडत कालवली आणि मुठीत लाडू वळून पाहिला. पहिला फुटला, दुसऱ्यातून पाणी निथळलं, माती घालून तिसरा वळला तो तळहातावर तसाच राहिला. दीड फूट थर भरला, तोंडाशी हाताने एक बोगदा सुरू करून ठेवला, वरून गोणपाट टाकलं, खोलीतला दिवा बंद केला आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मुलाला फटीतून बघायचं होतं. त्यालाही नाही.

आम्ही ओटीवर बसलो. साडेनऊच्या सुमारास आतून आवाज आला, ओली माती पिंपाच्या प्लास्टिकवर आपटल्याचा. थप्. थांबून पुन्हा थप्. मामा नुसते मान हलवत होते. अकराला मी घरी आले. पहाटे पाचला आजीचा फोन, "गो बाय, बंड्या मोकली झाली."

मोजली तर ३१ अंडी. पांढरट, चामड्यासारखी मऊ, बोटाने दाबली तर खळगी पडून परत भरणारी. घालून झाल्यावर तिने वर माती ओढून दाबूनही घेतली होती. वजन १ किलो ६९० ग्राम.

एक्स-रेत मी ३३ मोजली होती. त्या दोन अंड्यांनी मला दोन दिवस झोप दिली नाही. बुधवारी पुन्हा फिल्म काढली, तर एक शिल्लक होतं. दुसरं बहुधा सावलीवर सावली पडून मी दोनदा मोजलं असणार. आता ती उबदार होती, पाणी भरलेलं होतं, कॅल्शियम गेलेलं होतं. मग ऑक्सिटोसिन दिलं आणि रात्री ते शेवटचं अंडं आलं. सोमवारी त्याच बाटलीने काय झालं असतं, हे मी त्या सहकाऱ्यांशी अजून बोललेले नाही.

आणि मंगळवारी मी 'उकरतो' हा शब्द ऐकला असता तर ती पिंपात सहा दिवस आधीच शिरली असती. नखं शाबूत राहिली असती.

अंड्यांतून काही निघणार नव्हतंच. आजीने ती माडाच्या बुडाशी पुरली. परवा बंड्याला दाखवायला आणलं. जास्वंदीचं लाल फूल माझ्या हातून ओढून खाल्लं, पाकळीचा तुकडा जबड्याला चिकटलेला तसाच. वजन १ किलो ८४०. दिव्याची नवी नळी लागली, काच काढली. पुढच्या वर्षी पुन्हा अंड्यावर आली तर, असं मुलगा विचारत होता. अंडाशय काढून टाकता येतं, पण पोटाच्या मधोमध त्वचेखालून मोठी शीर जाते, तिला चुकवून बाजूने छेद घ्यावा लागतो. हे ऑपरेशन मी कधी केलेलं नाही. करणाऱ्याकडे मुंबईला पाठवायचं, की दरवर्षी पिंपावर भिस्त ठेवायची, हे पावसाळ्यानंतर ठरवू, असं मी त्याला सांगितलंय.

पिंप त्यांनी अजून हलवलेलं नाही. मामा अधूनमधून वाट वाकडी करून जातात आणि माती सुकलेली दिसली की पाणी शिंपडून येतात.